सासूबाईंच्या हातातला रिमोट

आमच्या ह्यांनी दारव्ह्यात केबल सुरू केली तेव्हा कंट्रोल रूम म्हणजे आमची बैठक होती. दुपारचा सिनेमा तिथल्या एकुलत्या एक डीव्हीडी प्लेअरवरून अर्ध्या गावाला दिसायचा आणि प्लेअरचा रिमोट असायचा सासूबाईंच्या हातात. सिनेमातलं काही सुटलेलं त्यांना खपायचं नाही. दारात भाजीवाली आली की त्या पॉज दाबायच्या. इकडे वांग्यांची घासाघीस चालायची आणि तिकडे अर्ध्या गावात नायिकेची थप्पड हवेतच थांबायची.

कापसाचा एक व्यापारी तर फोन करायचा, "काकू, झाली का भाजी?"

"थांब ना बावा, मेथी पाहून राह्यली."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हा काय धंदा झाला, म्हणून मी ह्यांच्याशी भांडायचे. पण नवल असं, की याच पॉजपायी गावातल्या दुसऱ्या दोन केबलवाल्यांची गिऱ्हाइकं आमच्याकडे आली. त्यांच्याकडे म्हणे सिनेमा थांबतच नाही, पोळ्या करपतात. शेवटी त्या दोघांनी आपापल्या वायरी ह्यांनाच विकल्या.

एकदा मी राळेगावला माहेरी गेले होते. दुपारी नायक बसच्या टपावर चढला, तो खाली उतरेचना. लोकांनी चहा मांडला, पिऊन झाला, नायक टपावरच. तेव्हा समोरची शेजारीण उठली आणि तिच्यामागे सगळी गल्ली आमच्या घरात शिरली. सासूबाई मोरीत पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. वेळेत आणलं, असं यवतमाळचे डॉक्टर म्हणाले.

पुढे एका मोठ्या कंपनीनं ह्यांचं सगळं जाळं विकत घेतलं. घरोघरी डबे बसले, आमच्या बैठकीतून प्लेअर गेला. आता सिनेमा कुणासाठी थांबत नाही.

जुना रिमोट सासूबाईंनी उशाशी ठेवलाय. वॉकर धरून मोरीकडे निघाल्या की आधी तो टीव्हीकडे रोखून दाबतात.

"कायले दाबता आई? तो रिमोट बंद हाये."

"लोकायले समजाले पाह्यजे ना, मी उठली म्हणून."

त्या पॉजवर मी इतकी वर्षं चिडले, आता त्याच्याविना जीव घाबरतो. टीव्हीवर नायक धावतच असतो. तव्यावरची पोळी करपते, ती करपू देते आणि मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहते.