कमळीचा इन्व्हर्स

परवा मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले होते. फळा नुकताच पुसलेला होता. खडूचा तो कोरडा वास नाकात गेला आणि भिवंडीच्या कॉलेजातली एक दुपार आठवली.

अंबाडीकडच्या पाड्यावरची कमळी बारावी सायन्सला माझ्या शेजारी बसायची. तिच्या पाड्यावरचं तोवर कुणीच दहावीपुढे गेलं नव्हतं. त्या दुपारी वर्ग सुटल्यावर ती फळ्यावर मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकटीचा, इन्व्हर्स काढत होती. एका ओळीतून दुसरी वजा करायची, भागायचं, चुकलं की पुसायचं. इतक्यात तिचा बाप दारात आला. तिचं लग्न ठरलं होतं.

"चल पोरी, गाडी न्हाय मिळायची."

"थांब बा, येक वळ रायली हाय."

तो चपला काढून दाराशी उभा राहिला. शेवटी डावीकडे तिरकी एकची रांग आली, बाकी सगळी शून्यं. उजवीकडे उत्तर तयार होतं. तिने गुणाकार करून ताळाही पाहिला.

"आला गं, बरोबर आला!"

"आता परीक्षेत हे गणित तुझंच," मी म्हणाले.

ती खडूचे हात ओढणीला पुसून बापामागून निघून गेली.

परीक्षेला तिचा बाक रिकामाच राहिला. नंतर ती मला कधीच दिसली नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, ती परीक्षेचा सराव करतेय. आपण परत येणार नाही, हे तिला त्या दुपारीच कळलं होतं. बापालाही कळलं असावं. गाडी केव्हाच सुटली होती, तरी तो तिला पुन्हा 'चल' म्हणाला नव्हता.