आयरिनची पिशवी आणि शर्लिनचा डबा

उत्तनला आमच्या चर्चच्या सणात हाउजीचे, म्हणजे तंबोल्याचे, आकडे आयरिनच बोलते. मासळी विकून कमावलेला आवाज तिचा. माइक बंद पडला तरी तिचं अडत नाही. आकड्यांच्या लाकडी सोंगट्या ठेवायची पिशवी तिच्या सासूने शिवलेली. लोकांनी "हलव गो पिशवी!" म्हणून ओरडायचं आणि तिने पिशवी डोक्यावर गरगर फिरवायची, ही आमची रीतच.

पण लागोपाठ दोन वर्षं फुल हाउसचं, म्हणजे सगळं तिकीट भरल्याचं मोठं बक्षीस तिच्या नणंदेला, फ्लेव्हियाला लागलं. आमच्या गावचा गॅब्रियल सगळ्यांसमोर म्हणाला, "पिशवीला घरची माणसं बरोबर कळतात." लोक हसले. आयरिनला मात्र ते फार लागलं. "मी चोर हाय ना? मग दुसरं कोणीतरी बोला आकडे," म्हणाली आणि घरी निघून गेली.

म्हणून यंदा तिची भाची शर्लिन ती काम करते त्या प्रयोगशाळेतून एक डबा घेऊन आली. त्यात प्रकाशाचा एकेक कण अर्धपारदर्शक आरशावर जातो. तो आरपार जातो की परततो, हे अनेक कणांचं पाहून एक आकडा ठरतो.

"तो कुठं जाईल ते तुला ठाव असंल," आयरिन म्हणाली.

"नाही मावशी. आधी कोणालाच कळू शकत नाही."

"देवाला पण न्हाय?"

"ते फादरना विचार."

सणाच्या दिवशी शर्लिन आकडे बोलायला उभी राहिली. आयरिन मागच्या बाकावर पर्स घट्ट धरून बसली होती. एक्केचाळीस आला. मग बेचाळीस. मग त्रेचाळीस.

"डबा मोजायला शिकतोय काय?" गॅब्रियल ओरडला.

"अंकल, खरोखर कशाचाच नेम नसला की असंही होतं. एकाच बाईला दोनदा बक्षीसही लागतं!"

पण ऐकतंय कोण! "हलव तो डबा!" अख्खा मंडप ओरडला आणि गॅब्रियलने सवयीने पुढे होऊन डबा गदागदा हलवला. आतला आरसा सरकला, आकडे दाखवणारा पडदा काळा झाला. शर्लिनने कपाळाला हात लावला. फादरसुद्धा हसू आवरू शकले नाहीत.

"आयरिन," गॅब्रियल खाली बघत म्हणाला, "पिशवी हाय का?"

"चोराची?"

"चुकलो गो बाय. ये आता."

आयरिनने पर्समधून पिशवी काढली. ती घरी ठेवून येणं तिला जमलंच नव्हतं. मात्र आधी ती तिकिटांच्या टेबलाशी गेली आणि तिने एक तिकीट घेऊन यंदा न खेळणाऱ्या फ्लेव्हियाच्या हातात कोंबलं.

"नको गो, पुन्हा लागलं तर?"

"लागू दे. खेळ तू!"

पहिलाच आकडा फ्लेव्हियाच्या तिकिटावर निघाला. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती गॅब्रियलने.