बिनढगांचं वाळवंट
"ढग नको, ढग नको," असं पुटपुटत बाई उपग्रहाचे फोटो भाजी निवडावी तसे निवडायच्या. कोपऱ्यात ढगाचा ठिपका दिसला तरी फोटो बाद.

त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत त्या वाळवंटांचे नकाशे करत. मी तिथे अर्धवेळ कारकून, नवऱ्याच्या नोकरीमागे जपानला आलेली. बाकीचे त्यांना आडनावापुढे 'सान' लावत. मला ते जमलं नाही. लातूरच्या कॉलेजात भूगोल शिकवून आलेल्या बाईंना बाईच म्हणावं लागतं. डबा खातानाही त्या शिकवायच्या.

"तुर्कमेनिस्तानातल्या डोंगरांतले ओढे समुद्राला मिळत नाहीत. वाळूत जिरतात. मध्ये ताकीर लागतं. चिकणमातीचं सपाट मैदान, उन्हात फरशीसारखं कडक. कळलं?"

मी घास गिळून मान डोलवायची. न डोलवून सांगते कोणाला!

त्या वसंतात आमचे तिघे जण स्थानिक ड्रायव्हर घेऊन जीपने तिथल्याच काराकुम वाळवंटात निघाले. हातात बाईंचा नकाशा. त्यावर सगळी ताकीरं हिरवी रंगवलेली, म्हणजे गाडी खुशाल घाला. बाई स्वतः तिथे कधीच गेल्या नव्हत्या.

एका दुपारी त्यांनी हवामान पाहिलं. तिकडच्या डोंगरात दोन दिवस पाऊस. बाईंचा चेहराच उतरला.

"अगं, मी बिनढगांचेच फोटो घेतले. म्हणजे सगळे कोरड्या दिवसांचे! ओलं ताकीर मी पाहिलंच नाही. जीप रुतली तर तिथे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही."

सॅटेलाइट फोन लागेना. विभागप्रमुख म्हणाले, "थोडं थांबून पाहू या."

"थांबू कशी? रस्ता मी दाखवलाय!" बाई चक्क मराठीत ओरडल्या. विभागप्रमुखांना काय कळलं देव जाणे, पण ते गुपचूप चहा ठेवून गेले. तो तसाच गार झाला. मी तोच नंबर पुन्हा पुन्हा फिरवत राहिले.

पाचच्या सुमारास जीपमधल्या तिघांचाच फोन आला. पहिल्याच हिरव्या पट्ट्याच्या कडेला ड्रायव्हरने गाडी थांबवली होती. खाली उतरून पाय रोवून पाहिला, तो घोट्यापर्यंत आत गेला. नकाशा दाखवून हे तिघे तासभर त्याच्याशी भांडले, तो हलला नाही.

"काय म्हणत होता तो?" बाईंनी विचारलं.

पलीकडचा माणूस घुटमळला. "विचारत होता, हा नकाशा काढणारा इथे कधी आलाय का?"

"नाही म्हणून सांगा त्याला," बाई म्हणाल्या. "आणि तो सांगेल तसंच जा."

बाई आता निवृत्त होऊन लातूरला असतात. फोनवरच्या त्या उत्तराच्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जेवढा आदर वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता. पण तो सांगायचा राहिला. फोन ठेवून त्या लगेच निघाल्या. मी खिडकीतून पाहत होते. रोजची सायकल हातात धरून, तिच्यावर न बसताच, पायाखालची जमीन बघत बाई घराकडे चालत निघाल्या होत्या.