पाखरीची झोप

चाकणला माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. गावातले म्हातारे तात्या दुकानात आले की आधी डबा उघडायला लावायचे. चिमूटभर पावडर जिभेवर ठेवायचे, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "सोता चव घेतल्याबिगर तिला कसं सांगू पोरी, खा म्हणून?" सांध्यांच्या पावडरी विकून विकून माझा त्यांच्या गुणावरचा विश्वास कधीच उडाला होता. तरी तात्यांसाठी मी एकेक डबा फोडत असे. त्यांचा मला लळा होता, दुसरं काय.

पाखरी त्यांची घोडी. आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. पाखरी तशी वर्षानुवर्षं पळाली आणि आता तिचे गुडघे आखडले होते. घोडं उभ्यानं डुलकी काढतं, पण खरी झोप लागायला त्याला आडवं व्हावं लागतं. उठता येणार नाही या धास्तीनं पाखरी आडवीच होत नव्हती. डुलकीत पाय दुमडून कोलमडायची, पाय सोलवटून घ्यायची. ती पडेल म्हणून तात्याही जागायचे. दोघांचे डोळे सारखेच तांबारलेले.

दुकानात एकदा एक शर्यतवाला म्हणाला, "तात्या, एक इंजेक्शन मारा राव. यात्रेपुरती पळंल."

"मला पळवायची न्हाई," तात्या म्हणाले, "निजवायचीय."

गावानं सुचवलेल्या तीन पावडरी त्यांनी एकदम सुरू केल्या. पाखरीनं पावडर मिसळलेल्या भुशाला तोंड लावणंच सोडलं. मी वैतागले. "तात्या, एका वेळी एकच द्या, महिना-दोन महिने. नाहीतर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, कसं कळणार?"

"कळतंय गं. पर दमलो आता," ते म्हणाले. मी एकच डबा त्यांच्या पिशवीत टाकला.

एकाच डब्यावर राहिल्यावर पाखरीची चाल थोडी सुटली. आडवी मात्र होईना. शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरांना तात्यांच्या घरी पाठवलं. त्यांनी घोडीआधी जमीन पाहिली. शेत गोदामाला गेल्यावर बांधलेला बंगला, अंगणभर सिमेंटचे ब्लॉक. "पावडरीनं फार तर थोडं सैल वाटेल," डॉक्टर म्हणाले, "पण या फरशीवर ती अंग टाकणार नाही. जाड, मऊ माती हवी."

माती घालायची तर तात्यांच्या मुलाच्या गाडीचीच जागा होती. तो म्हणाला, "दारात चिखल करणार का आता?" तात्यांनी पहार घेतली आणि स्वतःच ब्लॉक उचकटायला लागले. "तुझी गाडी कुठं बी निजंल. हिला माती लागती." बापलेक त्यानंतर आठवडाभर बोलत नव्हते.

मग एका सकाळी तात्या दुकानात आले, सदऱ्याला माती लागलेली.

"आडवी झाली. घोरली. आन आपली आपण उठली बी."

मी सवयीनं डब्याकडे हात नेला. त्यांनी मान हलवली. "आज काय नगं. जरा टेकू का हितं?"

भुशाच्या पोत्यांवर ते टेकले आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. गिऱ्हाइकं आली, त्यांना मी खुणेनंच दबक्या आवाजात बोलायला लावलं. दुपारी मुलाचा फोन आला, तात्या तिकडं आलेत का म्हणून.

"झोपलेत," मी म्हटलं. "उठवू?"

"नको ताई, झोपू द्या. पाखरीला मी दाखवतो पाणी."