डाव्या हातावरचा पेढा

एरवी मी वाघीण. दुकानदाराने शिळी मेथी माथी मारली, तर दुकान डोक्यावर घेणारी. म्हणूनच हे लिहिताना जास्त लाज वाटते.

लॉकडाऊन होता. सिडनीच्या हॅरिस पार्कमधल्या आमच्या बाल्कनीत मी कपडे वाळत घालत होते. खालच्या फ्लॅटमधला नाशिकचा शेजारी वेअरहाऊसच्या शिफ्टवरून परतत होता. चहाचा घोट घ्यायला त्याने मास्क हनुवटीवर ओढला होता. दोन पोलिसांनी त्याला अडवलं. तो हातातला कप दाखवून समजावत होता, तेवढ्यात एकाने त्याचा उजवा हात पाठीमागे पिरगाळला आणि त्याला फुटपाथवर पालथा पाडलं. तो किंचाळला. मी आत पळाले आणि दार लावून घेतलं. ओल्या कपड्यांची बादली बाहेरच राहिली.

त्याचा खांदा कायमचा गेला. पोलीस म्हणाले, आधी त्यानेच धक्का दिला. त्याने त्यांच्यावर कोर्टात दावा लावला आणि वकिलाने साक्षीदार मागितला. हात गळ्यात बांधून तो आमच्या दारात आला.

"ताई, तुम्ही बाल्कनीत होतात ना? मी धक्का दिला नाही, एवढंच कोर्टात सांगा."

आमचा सिटिझनशिपचा अर्ज नुकताच गेला होता. नवऱ्याने आदल्याच दिवशी बजावलं होतं, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्यात समोर पोलीस." अर्जाला खरंच काही झालं असतं का, हे मी कोणाला विचारलंसुद्धा नाही.

"अरे, मी आत होते," मी म्हटलं. "मला काहीच दिसलं नाही."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "नो वरीज, ताई," म्हणाला आणि जिना उतरला.

साक्षीदार मिळाला नाही. काही महिन्यांनी त्याने दावा मागे घेतला.

वर्षभराने आमची सिटिझनशिप झाली. आनंदाची बातमी म्हणजे पेढे आलेच. बिल्डिंगभर वाटताना एकच दार कसं टाळणार? टाळलं असतं, तर लोकांनी कारण विचारलं असतं. मी त्याची बेल वाजवली.

"अरे वा, अभिनंदन!" तो मनापासून हसला. मग डावा हात पुढे करून ओशाळून म्हणाला, "ताई, डाव्या हाताने घेतोय, राग मानू नका. उजवा उचलला जात नाही."

माफी तो मागत होता. मी त्याच्या डाव्या तळव्यावर पेढा ठेवला आणि म्हटलं, "असू दे रे, चालतं."