रुवैसच्या वाटेवरची निळी व्हॅन

साधना सबनीस लेकीला घेऊन दुबईला आली तेव्हा तिची समजूत होती की नवऱ्याच्या नोकरीचं गाव तेच आपलंही गाव. तसं काही झालं नाही. सूर्यकांत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता, रुवैसच्या रिफायनरीत. रुवैस अबूधाबीच्याही पार पश्चिमेला; एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये तेलाच्या टाक्या. ईशानीच्या शाळेसाठी घर मात्र घेतलं ते बर दुबईत, अल मनखूलला. तेव्हा तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची; बुधवारी संध्याकाळी कंपनीची बस सूर्यकांतला आणून सोडायची आणि शुक्रवारी घेऊन जायची. मधल्या वेळात बँक, भाजी, गॅसचं सिलिंडर आणि एक लांबलचक झोप. नवरा घरी आलाय हे पुष्कळदा त्याच्या घोरण्यावरूनच कळायचं.

साधना एका इंडियन शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी ती फळ्यावर या देशाचा नकाशा काढायची. समुद्राच्या काठाची निळी रेघ पश्चिमेकडे ओढत न्यायची आणि टोकाजवळ एक ठिपका देऊन म्हणायची, "अँड दिस इज रुवैस." त्या ठिपक्यावर तिचा नवरा राहतो हे मुलांना ठाऊक नव्हतं. तिने स्वतः तो ठिपका कधी पाहिला नव्हता.

मग ईशानी कॉलेजसाठी पुण्याला गेली. फ्लॅटमध्ये एसीची घरघर तेवढी उरली. त्याच महिन्यात साधनाने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

शिकवायला होती शहरबानू. मूळची हैदराबादची, काळा अबाया, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं असं की शेजारच्या लेनमधल्याने ब्रेक दाबावा. "मॅडम, ऐसा डर डर के नक्को! राउंडअबाउट आपके बाप का है समझ के घुसो. यल्ला, चलो!" साधना टेस्टमध्ये पुन्हा पुन्हा नापास झाली. प्रत्येक वेळी शहरबानू तिला कॅफेटेरियात नेऊन करक चहा पाजायची आणि पुढच्या खेपेची तारीख घ्यायला लावायची. अखेर लायसन्स हातात पडलं तेव्हा रडली ती शहरबानूच.

दोघी मिळून अल कुसैसला जुनी कोरोला बघायला गेल्या. तिथे राजनचं यार्ड होतं. राजन त्रिशूरचा, जपानहून जुन्या गाड्या आणून तो पुढे आफ्रिकेला पाठवायचा. पांढऱ्या सेदान गाड्यांच्या रांगेपलीकडे पत्र्याच्या सावलीत साधनाला ती दिसली. छोटीशी व्हॅन, खाली साय घातल्यासारखी पांढरी आणि वर आकाशी. चपटं नाक, दोन गोल डोळे, चकाकता बंपर. आत चौकड्याच्या कापडाच्या सीट्स आणि खिडक्यांना चक्क पडदे.

"ये कौनसे जमाने की है?" साधनाने विचारलं.

"जमाना अभी का है, मॅडम," राजन हसला. "अंदर सब नया. बाहर से पुराना मुँह लगाया. जपानी लोग का शौक है. छुट्टी में इसमें सोता है, चाय बनाता है. एक आदमी के लिए मैंने स्टिअरिंग लेफ्ट में किया, फिर वो मुकर गया."

साधनाने सरकता दरवाजा उघडला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. यार्डात लोखंडाचा ठणठणाट चालला होता, पण तिला तो लांबून आल्यासारखा वाटला. पडद्यातून येणारं ऊन तिच्या हातांवर हलत होतं.

बाहेर शहरबानू बराच वेळ उभी होती. शेवटी तिने आत डोकावून साधनाचा चेहरा पाहिला आणि राजनला म्हणाली, "खलास. कोरोला रहने दो."

फोनवर सूर्यकांत म्हणाला, "सात हजार दिरहम? म्हणजे नव्वद हजार रुपये, एका खेळण्याला! बरं, घेतलीस तर घेतलीस. समुद्रकाठच्या कॉर्निशपर्यंत ने. हायवेला घालू नकोस." ईशानी पुण्याहून ओरडली, "आई, दॅट्स सो क्यूट! बट विल इट क्लाइम्ब अ ब्रिज?"

पूल ती चढायची. जरा कण्हत, पण चढायची.

त्या डिसेंबरात रिफायनरीत दुरुस्तीसाठी मोठं शटडाउन निघालं. सूर्यकांतची सुट्टी रद्द झाली. एक बुधवार गेला, दुसरा गेला. शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागली. तिसऱ्या बुधवारी पहाटेची अजान झाली तेव्हा साधना तिखटामिठाच्या पुऱ्या तळत होती. उजाडताच तिने डबा आणि थर्मास व्हॅनमध्ये ठेवला आणि गाडी पश्चिमेकडे वळवली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी नको म्हणालं असतं.

ऐंशीच्या वर काटा सरकत नव्हता. मोठाले ट्रेलर बाजूने गेले की व्हॅन अंग चोरायची. अबूधाबीचा फाटा मागे पडला आणि समुद्राकडून धुकं आलं. आधी नुसता ओलसरपणा, मग खांब गेले, मग रस्ताच गेला. साधना जीव मुठीत धरून हळूहळू चालवत राहिली, आणि पेट्रोल पंपाचा दिवा दिसताच तिने गाडी आत घातली.

ती मागच्या सीटवर गेली, दरवाजा सरकवला आणि कपात चहा ओतला. धुक्यातून एक उंचापुरा पठाण ड्रायव्हर आला. व्हॅनभोवती त्याने एक चक्कर मारली.

"बाजी, ये गाडी है या मिठाई का डब्बा?"

"गाडी है, भाईसाहब. रुवैस जा रही है."

"अकेली?" तो विचारात पडला. साधनाने त्याला चहा दिला, पुऱ्या दिल्या. पुरी संपवून तो म्हणाला, "मेरा ट्रेलर भी उधर जाता है. पाइप भरा है, तो धीरे चलेगा. तुम मेरा लाल बत्ती देखो, बस. और कुछ मत देखो."

मग तो ट्रेलर पुढे आणि ती इवलीशी व्हॅन मागे. जग नव्हतंच, होते दोन लाल दिवे आणि पांढरं काहीतरी, कापसाइतकं मऊ. साधनाला वाटलं, आपण रस्त्यावरून चाललोच नाही, कुणाच्या तरी झोपेतून चाललोय. भीती कधी गळून पडली तेही तिला कळलं नाही.

तरीफ गावाच्या पुढे धुकं एकदम वर उचललं. ट्रेलरने लांब भोंगा वाजवला, खिडकीतून एक हात हलला, आणि तो वेग घेऊन निघून गेला. साधनाने गाडी कडेला घेतली.

उजवीकडे मिठाची जमीन पसरली होती, पापुद्रे सुटलेली, चमचमणारी. त्यापुढे पाणी होतं. पण मीठ कुठे संपतं आणि पाणी कुठे लागतं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, काही सांगता येईना. चपला काढून ती चार पावलं चालली. मीठ पायाखाली कुरकुरलं, मग ओलं लागलं. दूर काही गुलाबी हललं. रोहित पक्षी असावेत. साधना तशीच उभी राहिली. पहिल्यांदा तिला हसू आलं, आणि मग उगाचच डोळे भरले.

रुवैसच्या क्वार्टर्सबाहेर सूर्यकांत शिफ्ट संपवून येत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आकाशी रंग पाहून तो थबकला.

"तू? एकटी? ह्या... ह्यातून?"

"अहो, आधी बसा. पुऱ्या आहेत."

रागवायला त्याने तोंड उघडलं होतं. पण मागची सीट आडवी करून तिने उशी ठेवली होती आणि दरवाजातून समुद्राचा वारा येत होता. तो बसला, खाल्लं, आणि खाता खाताच पाय वर घेऊन झोपला. साधना त्याच्या पायाशी बसून राहिली. आज त्या घोरण्याचा तिला राग आला नाही.

दुपार कलल्यावर तो उठला. तिने मिठाचं, पाण्याचं, त्या गुलाबी पक्ष्यांचं सांगितलं. तो ऐकतच राहिला.

"कुठे आहे हे?"

"वाटेवर! बारा वर्षं जाताय येताय तुम्ही."

"बसचे पडदे लावलेले असतात गं," तो ओशाळून म्हणाला. "येताना झोपलेला असतो. जाताना अंधार."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला सांगून त्याने अर्धा दिवस मागून घेतला आणि साधना त्याला तिथे घेऊन गेली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सूर्यकांत मिठावर फिरला, एक पापुद्रा उचलून त्याने जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. भरती कुठवर येते, हे मीठ दरवर्षी नवं बनतं का, असं काय काय तो विचारत राहिला. साधना पाठ घेतल्यासारखी उत्तरं देत होती, आणि जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही म्हणत होती.

पुढे तो निवृत्त होईपर्यंत, शाळेला सुट्टी असली की कंपनीच्या बसमधली त्याची सीट रिकामी जायची. साधना व्हॅन घेऊन त्याला आणायला जायची. ऐंशीच्या वेगाने घरी पोचायला खूप वेळ लागे, आणि त्या वेळात सूर्यकांत शेजारी जागा राहून बोलत असे: लहानपणी पेणच्या खाडीत पकडलेल्या खेकड्यांबद्दल, वडिलांच्या दम्याबद्दल, रुवैसच्या खोलीत एकट्याने खाल्लेल्या वरणभाताबद्दल. मधेच ती पडदा जरा बाजूला करायला सांगायची, आणि तो खिडकीशी गाल टेकून बाहेर बघत बसायचा.