पेटी हलणार नाही!

स्टुडिओ बंद केला, पण किस्से बंद होईनात. निगेटिव्ह घरी आणल्या, तर त्यांच्यामागून माणसंही घरी यायला लागली!

दहिवलीत चाळीस वर्षं फोटो काढले. सगळ्या निगेटिव्ह एका पत्र्याच्या पेटीत आहेत. मुलगा प्रशांत म्हणाला, "बाबा, खोलीत जागा नाही. रविवारी भंगारवाला येतोय, पेटी जाणार!"

"हात तर लावून दाखव!" म्हटलं, आणि त्याच दिवशी कामाला लागलो.

सुनेच्या टॅबवर पांढरा उजेड, त्यावर निगेटिव्ह, आणि वर स्टुलाला उलटा बांधलेला डिजिटल कॅमेरा. निगेटिव्हचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं करायचं. तंत्र एवढंच! पण मिक्सर लागला की टेबल थरथरतं. मी ओरडलो, "बंद कर गं तो!"

बायको आतून म्हणाली, "मग ताटात काय, निगेटिव्ह वाढू?"

*

भिवपुरीचा भिकू आज्याचा फोटो मागायला आला. निगेटिव्ह उजेडात धरून बिथरलाच. "ह्यो आमचा आजा नाय! त्याची मिशी पांढरीफेक व्हती, ही तर काळी हाय!"

स्क्रीनवर उलटवून दाखवली. झाली पांढरी! भिकू स्वतःच्या पिकल्या मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "मंग माजा एक काडा, आन् तो उलटवू नका!"

*

एकदा मीच घोळ घातला. शिळफाट्याच्या एका लग्नाची निगेटिव्ह पालथी ठेवली, आणि फोटो तसाच त्यांच्या ग्रुपवर गेला. नवरीची नथ उजव्या नाकपुडीत! तासाभरात तिच्या नणंदेचा फोन. चूक माझी, म्हणून मी माफी मागायला लागलो.

"तुम्ही गप्प बसा हो! हिला नथ घालता येत नाही, हे मी लग्नापासून सांगतेय!"

*

रविवार उजाडला. निम्मी पेटीसुद्धा झाली नव्हती. भंगारवाला दारात, प्रशांतने पेटीची एक कडी धरलेली. मी सरळ पेटीवर बसलो! "उचला आता माझ्यासकट!"

भंगारवाल्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो स्क्रीनकडे बघत होता. तिथे कुणाचं तरी बारसं उमटलं होतं.

"काका, हे फिल्लममधून निघतं?"

"मग काय कपाटातून?"

तो बराच वेळ बघत राहिला. प्रशांत म्हणाला, "अहो, उचलताय ना?"

"थांबा हो जरा." तो माझ्याकडे वळला. "काका, खोपोलीचा एक स्टुडिओ मोडला. त्याच्या दोन गोणी फिल्लम माझ्याकडं पडल्यात. कुणी घेईना. आणून टाकू का हितं?"

प्रशांतने कडी सोडली.

मी म्हटलं, "आण!"